म्हसोबानं दिलेला शब्द

मालोजी हाळकऱ्याला गावात एकही मित्र नव्हता आणि त्याची त्याला खंतही नव्हती. पवनेच्या काठाला, पिंपरी स्टेशनापासून मैलभरावर पन्नास-साठ उंबऱ्यांची वस्ती होती. तिथं पाण्याला निघालेल्या बायका मालोजी समोरून येताना दिसला की वाट सोडून उभ्या राहत. आदरानं नव्हे. सकाळी सकाळी ह्या माणसाच्या तोंडून काय ऐकावं लागेल याचा नेम नसे. शेजाऱ्याची कोंबडी अंगणात आली तर तो कोंबडीला सोडून शेजाऱ्याच्या बापाला शिव्या घाली, आणि तो बाप मरून वीस वर्षं झालेली होती.

पण चैत्रातला एक दिवस असा होता की सगळं गाव ह्याच तोंडाकडे डोळे लावून बसे.

त्या दिवशी म्हसोबाचं बगाड निघे. दगडी चाकांचा गाडा, त्यावर उंच शिडाचं लाकूड, शिडाला नवसाचा माणूस बांधलेला आणि पुढं दोन दोरखंडांना धरून उभे राहिलेले शंभर गडी. गडी दोर ताणून उभे राहत, पण ओढत नसत. मालोजी गाड्याच्या जुवावर चढे, डावा हात कानावर ठेवी आणि पोटातून हाळी देई, "हैश्या." त्यासरशी दोनशे टाचा मातीत रुतत आणि चाक फिरे.

ही हाळी द्यायचा मान फक्त त्याच्या घराचा. पाच पिढ्यांमागं म्हणे गाडा नदीकाठच्या चिखलात रुतला आणि तीन दिवस जागचा हलला नाही. तेव्हा ह्या घरातला मूळ पुरुष म्हसोबापुढं उपाशी पडून राहिला आणि देवानं त्याच्या कानात हा एवढासा शब्द सांगितला. तेव्हापासून तो शब्द दुसऱ्या कुणी तोंडातून काढायचा नाही. गावात जड काही उचलायचं असलं तर माणसं "चल रं" म्हणत, "दे जोर" म्हणत, पण हैश्या म्हणत नसत. पोरं खेळताना म्हणाली तर आया थोबाडीत देत. विहिरीवर दगड बसवायचा असो की घराचं आढं चढवायचं असो, हाळकऱ्याच्या दारात नारळ घेऊन माणूस यायचा. मालोजी तो नारळ उजव्या हातात घ्यायचा, हलवून पाणी आहे का बघायचा, आणि मगच पायात वहाणा घालायचा.

शब्दाचा अर्थ काय, हे त्यानं लहानपणी बापाला एकदाच विचारलं होतं. बापानं कानाखाली काढली. त्यामुळे अर्थ नक्की असणार आणि तो फार मोठा असणार, याबद्दल मालोजीची कायमची खात्री झाली.

मग सरकारनं जमिनी घेतल्या. औषधाचा कारखाना येणार होता. मालोजीची सात एकर गेली, विहीर गेली, विहिरीवरचा आंबा गेला. मोजणीदार आले तेव्हा त्यानं साखळीवर पाय देऊन त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मोजणीदारांनी तो उद्धार ऐकून घेतला आणि पाय बाजूला झाल्यावर मोजणी पुढं चालू केली. वर्षभर तो बांधावर जाऊन बसायचा आणि पत्र्याच्या शेडी बघून थुंकायचा. स्टेशनापलीकडे निर्वासितांची छावणी पडली होती, तिकडं बघून थुंकायचा. सडकेनं जाणाऱ्या मोटारी बघून थुंकायचा. शेवटी त्याची बायको गोजाबाई म्हणाली, "थुकून भाकर व्हत न्हाई. कामाला लागा न्हाईतर मी लागते." तेव्हा पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर मालोजी ठेकेदाराच्या हजेरीवर गेला. त्याच्याआधी गावचे पंचवीस गडी तिथं लागलेच होते.

कारखान्यासाठी लोखंडाची अजस्र पिंपं आगगाडीनं येत होती. एकेक पिंप असं की त्यात तीन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली असती. स्टेशनाच्या साइडिंगपासून कारखान्यापर्यंत ती ओढत न्यायची होती. एकच क्रेन होती, ती आत अडकलेली. मग पिंपाखाली सागाचे गोल ओंडके घालायचे, पुढं ओढायला आणि मागं आवरायला दोर लावून माणसांनी न्यायचं, आणि मागं मोकळा झालेला ओंडका उचलून पुढं आणून ठेवायचा. ह्या कामासाठी ठेकेदारानं मुंबईच्या गोदीतून खलाशांची टोळी आणली होती आणि टोळीचा म्होरक्या होता आबाजी. विजयदुर्गाकडचा. काटकुळा, काळा, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, तोंडात कायम पान. देखरेख करणारे उद्धवराव मराठवाड्याकडचे होते. त्यांनी गावचे गडी, खलाशी आणि दगड फोडणारे वडार अशी सगळ्यांची एक जोडणी केली आणि सांगितलं, हाळी आबाजीची.

आबाजी पिंपाच्या कडेला उभा राहिला. त्यानं सगळ्या दोरांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "हात." मग गप्प. सगळ्यांनी आपापले हात बघितले, ओंडक्याजवळच्यांनी हात मागं घेतले. एक, दोन, तीन श्वास गेले. आबाजीनं पानाची पिंक टाकली आणि हाळी दिली, "हैसा."

मालोजीच्या हातातून दोर सुटला.

पिंप हललं आणि थांबलं. मालोजी रांग सोडून थेट आबाजीपुढं जाऊन उभा राहिला.

"सबुद कुठनं चोरला?" त्यानं विचारलं.

आबाजीला वाटलं कुणी खुळा असेल. "खयचो शबुद?"

"आत्ता काडला त्यो. आमच्या घरचा हाय. म्हसोबानं दिलेला हाय."

"तुमच्या घरचो?" आबाजी म्हणाला. "शबुद म्हंजे काय केळीचो घड, तुझ्या परसात पिकलेलो? माज्या आज्यान गलबताचा शीड चडवताना ह्योच मारल्यान. तेच्या आज्यानय ह्योच मारल्यान."

"आन् अर्थ काय त्येचा?"

"अर्थ? शीड चडता मां? मगे झाला." आबाजीनं त्याला हातानं बाजूला सारलं. "दोरार जा. लोक खोळांबलेत."

सगळ्या टोळीदेखत, एका कोकण्यानं, हातानं बाजूला सारलं. मालोजीच्या पोटात त्या दिवशी जी आग पडली ती पुढं चार महिने विझली नाही. गावचे गडी पहिल्या दिवशी बिचकत होते, कारण तो शब्द परक्या तोंडातून ऐकणं त्यांनाही अपशकुनी वाटलं. पण सातआठ दिवसांत त्यांचे हात आबाजीच्या आवाजाला सरावले. पिंप डुगडुगत नसे, कुणाला खरचटत नसे. आबाजीची पद्धत ठरलेली होती. आधी हात, मग थांबणं, मग हैसा. भैरू वडारानं त्याला एकदा विचारलं की मधी एवढं कशाला थांबतोस, तेव्हा आबाजी म्हणाला, "माज्या भावाचो हात गोदीत पेटयेखाली गेलो. तेवापास्ना आदी हात बघूचे, मगे जोर."

मालोजी पलीकडून म्हणाला, "हात बघाया काय बांगड्या भरायच्या हायेत?" गावचे दोघेतिघे हसले. आबाजीनं मान वळवली नाही.

आता मालोजीच्या डोक्यानं एक घेतलं. शब्द आपला आहे, म्हणजे ह्यांनी तो कुठून तरी उचलला आहे. कुठून, ते शोधून काढायचं आणि आबाजीच्या तोंडावर मारायचं. ज्या माणसानं जन्मात कुणाला "बरं आहे का" विचारलं नव्हतं, तो आता जेवणाच्या सुट्टीत ह्याच्या त्याच्याजवळ जाऊन बसू लागला. प्रश्न एकच, आणि तोही फौजदारानं विचारावा तसा. "जड वडताना तुमच्यात काय म्हंत्यात?"

भैरू वडार म्हणाला, "आमी ऐलेसा म्हंतो. आमची आई यल्लम्मा, तिलाच लांबून मारलेली हाक हाय ती." मालोजीनं विचारलं, "आन् तुमी वाडवडलांपास्नं म्हंता का हिकडं आल्यावर शिकला?" भैरूनं हातातली दगड फोडायची सुतकी खाली ठेवली आणि त्याच्याकडे असं बघितलं की मालोजी उठला.

छावणीतला एक म्हातारा सिंधी सडकेच्या कडेला चहा विकायचा. मालोजी त्याच्याकडचा चहा पीत नसे, पण प्रश्न विचारायला गेला. म्हातारा म्हणाला, "हमारे दरिया पर मल्लाह नाव खींचते थे ना, बोलते थे हैया. पीर का नाम है, और क्या." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले, त्याला त्याची नदी आठवली असावी. मालोजी तिथून शिव्या देत निघाला. म्हाताऱ्याचं गाव गेलं होतं तसं आपलंही जातं आहे, हे त्याच्या ध्यानात आलं होतं आणि ते त्याला सहन झालं नाही.

नकाशे काढणारा एक मद्रासकडचा पोरसवदा साहेब होता. त्याला उद्धवरावांकरवी विचारलं, तर तो हसून म्हणाला की आमचे कोळी जाळं ओढताना ऐलसा म्हणतात. एक गोरा फिटर यंत्रं बसवायला आला होता. त्यानं दोन्ही मुठी आवळून दाखवलं आणि म्हणाला, हीव-हो. मालोजी परत येताना उद्धवरावांना म्हणाला, "बघा. राज्य सोडून ग्येलं, पर जाताना सबुद घिऊन ग्येलं."

उद्धवराव वैतागून म्हणाले, "अहो मालोजीराव, जगात जो जड ओढतो तो असंच ओरडतो. तुम्ही एकट्यानं ठेका घेतलाय का?"

राहिले चिंचवडचे एक गुरुजी. मालोजीची शेवटची आशा त्यांच्यावर होती, कारण त्यांना संस्कृत येत होतं. गुरुजींनी डोळे मिटून तो शब्द तीनदा उच्चारला आणि सांगितलं, "हे ईश. बोलता बोलता झालं हैश्या. हा देवाचा धावा आहे, अत्यंत प्राचीन. ऋषिमुनींपासून आलेला." मालोजीला क्षणभर बरं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं की ऋषींचा म्हणजे सगळ्यांचाच.

"कंचा ऋषी बगाड वडायला येत व्हता?" तो गुरुजींना म्हणाला आणि नमस्कार न करता पायऱ्या उतरला.

वडाराला त्यात त्याची आई दिसत होती, सिंध्याला पीर, गुरुजींना ईश्वर. ज्यानं त्यानं आपापला देव त्या एवढ्याशा शब्दात नेऊन बसवला होता आणि तिथं आधीच बसलेल्या म्हसोबाला मात्र कुणी विचारत नव्हतं. हे सगळं एका दुपारी त्यानं गोजाबाईला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही.

"चार बाळंतपनं झाली माजी," ती म्हणाली. "चारी बारीला दात आवळून हैश् हैश् क्येलं म्या. सुइनीला इचारा. तवा मला कानात सांगाया कोन आला व्हता?"

मालोजीनं पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला आणि दोन दिवस घरात जेवला नाही. बायकोनं खोटं बोललेलं त्याला चाललं असतं.

होळी झाली. बगाड महिन्यावर आलं. आणि तेव्हा ते घडलं ज्याची त्याला मनातून भीती होती. पाण्याच्या पिंपाशी गावचे तरणे गडी बोलत होते. एक म्हणाला, "ह्या बारीला बगाडावर आबाजीलाच चढवू. त्येच्या हाळीला गाडा कसा लोन्यावानी सरकंल." बाकीचे हसले. चेष्टाच होती ती, पण एकजण हसता हसता तो शब्दही म्हणून गेला. उघड्यावर, चारचौघांत, आणि कुणी त्याच्या थोबाडीत मारली नाही.

जमीन सरकारनं घेतली तेव्हा कागद तरी आला होता. हा मान मात्र बिनकागदाचा चालला होता. सात एकर गेल्यावर मालोजीजवळ उरलं होतं ते एवढंच, वर्षातून एकदा जुवावर चढणं आणि गावानं वर बघणं. ते गेलं तर तो नुसताच एक शिवराळ म्हातारा होता, आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठं पिंप निघालं. स्टेशनापासून अर्धी वाट झाली आणि ते मालोजीच्या जुन्या शेतात शिरलं. विहीर बुजवून सपाट केली होती. आंब्याचा बुंधा तेवढा वीतभर वर राहिला होता. मालोजी पुढच्या दोरावर होता, त्याची टाच नेमकी त्या बुंध्याला अडली. त्यानं खाली बघितलं. ह्या आंब्याखाली त्याचा बाप मेला होता.

मागं आबाजीचा आवाज आला, "थांबा." पुढचा ओंडका तिरका झाला होता. माणसं दोर ताणून उभी राहिली. आबाजी स्वतः खाली वाकला, पिंपाच्या तोंडाशी बसला आणि ओंडका सरळ करायला त्यानं उजवा हात आत घातला. घालता घालताच तो सवयीनं म्हणाला, "हात."

मग नेहमीची शांतता. एक श्वास. दोन श्वास.

गावचा कुणीतरी मालोजीच्या पाठीमागं हलकेच म्हणाला, "ऐका आता बगाडाच्या मानकऱ्याची हाळी." कुणीतरी फिसकन हसलं.

मालोजीचा डावा हात कानावर गेला. त्याच्या मनात कुणाला इजा करायची होती असं म्हणता येणार नाही. त्याच्या मनात एवढंच होतं की माझ्या शेतात, माझ्या बापाच्या आंब्यापाशी, हा शब्द मीच काढीन. आणि त्यानं तो काढला. पाच पिढ्यांचा, पोटातून, जुवावरून देतात तसा.

खलाशी हलले नाहीत. वडार हलले नाहीत. पण गावचे पंचवीस गडी लहानपणापासून त्या आवाजाला टाचा रोवत आले होते. त्यांच्या डोक्याला कळायच्या आत पायांनी काम केलं. दोराला हिसका बसला आणि पिंप वीतभर पुढं आलं.

आबाजी किंचाळला नाही. "आरे," एवढंच म्हणाला, कुणीतरी वाटेत धक्का दिल्यावर म्हणावं तसं.

मग जो गोंधळ उडाला त्यात कोण कुणाला काय सांगत होतं ते कळत नव्हतं. उद्धवराव पळत आले. खलाशी पहारी घेऊन धावले. कुणी पिंप उचलायला बघत होतं, कुणी पुढून ढकलायला, आणि त्या धांदलीत आणखी दोनतीन हात त्याच ओंडक्याखाली गेले असते. तेव्हा आबाजी बोलला. ओंडक्याखाली हात, तोंड राखेसारखं, पण आवाज तोच.

"गप ऱ्हवा सगळी. मागलो दोर धरा. सगळ्यांनी."

सगळ्यांनी मागचा दोर धरला. गावच्यांनी, खलाशांनी, वडारांनी. मालोजीनंही धरला. सगळ्यांना वाटलं आता तो लगेच हाळी देईल, दुसऱ्या कुणीही दिलीच असती. आबाजी म्हणाला, "हात."

आणि थांबला. स्वतःचा हात लोखंडाखाली चिरडत असताना तो माणूस थांबला आणि त्यानं मान वळवून एकेकाचे हात बघितले. पहारीवाल्यांचे बघितले. भैरूनं बोटं आत ठेवली होती ती त्यानं काढून घेईपर्यंत वाट बघितली. मालोजीनं पहिल्यांदा, त्या टोळीत आल्यापासून पहिल्यांदा, आपल्या हातांकडे बघितलं. दहाच्या दहा बोटं जागेवर होती.

"हैसा," आबाजी म्हणाला. पिंप मागं सरलं.

चार बोटं गेली. अंगठा राहिला.

आबाजीला टांग्यात घालून नेल्यावर उद्धवरावांनी विचारलं, "कोण ओरडलं?" गावचे पंचवीसही गडी खाली बघत राहिले. प्रेमानं नव्हे, म्हसोबाच्या भीतीनं. भैरू वडारानं मात्र बोट दाखवलं. खलाशांनी मालोजीला तिथंच धुतला असता, पण उद्धवराव मध्ये पडले. खलाशांनी आपले दोर गुंडाळले आणि संध्याकाळच्या गाडीनं टोळीच्या टोळी निघून गेली. पिंप शेतातच उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी वरून तगादा आला. उद्धवरावांचा चेहरा कडू झाला होता. ते मालोजीला म्हणाले, "तुझ्याच आवाजाला ही माणसं ओढतात ना? मग दे आता हाळी. पाहिजे होती ना तुला?"

मालोजीनं दिली. पिंप कारखान्यात पोचलं. चार महिने ज्याच्यासाठी तो जळला ते सगळं त्याला एका दिवसात मिळालं, आणि घरी येऊन तो अंगणात भिंतीकडे तोंड करून बसला. गोजाबाईनं भाकरी पुढं ठेवली. "खावा," ती म्हणाली. "मानकरी हाय तुमी." ह्या बाईला बोलावं कधी आणि गप्प बसावं कधी हे चांगलं कळत होतं, आणि ती मुद्दामच बोलली.

आठ दिवसांनी मालोजी पुण्याला दवाखान्यात गेला. जाताना त्यानं नारळ घेतला. आजवर त्याच्या दारात नारळ आले होते, त्याच्या घरातून कुणाच्या दारात नारळ गेला नव्हता. हाळी ज्याच्या मालकीची, त्याच्याकडे नारळ न्यायचा, हा गावचा रिवाज होता. आपण काय घेऊन चाललो आहोत आणि त्याचा अर्थ काय, हे मालोजीला पुरतं ठाऊक होतं. वाटेत दोनदा तो परत फिरला.

आबाजी खाटेवर बसला होता. हाताला मोठं बोचकं बांधलेलं. मालोजीनं नारळ पुढं केला आणि म्हणाला, "घ्या." आबाजीला त्यानं पहिल्यांदाच अहोजाहो केलं.

आबाजीनं नारळाकडे बघितलं.

"फोडूक हात खय आसा माका?" तो म्हणाला.

मालोजी उभाच होता. त्याला माफी मागायची होती, पण ते शब्द त्याच्या घरात कधी वापरलेलेच नव्हते. ते त्याला कुठून सापडणार.

"शबुद तुझो," आबाजी म्हणाला. "मी सोडलंय. घेवन जा तुझ्या म्हसोबाक." आणि तो भिंतीकडे तोंड करून निजला. मालोजी तासभर तिथं उभा राहिला. आबाजीनं परत तोंड वळवलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही. नारळ मालोजीनं खाटेखाली ठेवला. तो बाहेर पडेपर्यंत झाडूवालीनं तो उचलून त्याच्या मागं आणून दिला.

चैत्रातली पुनव आली. बगाड सजलं. शंभर गडी दोर धरून उभे राहिले, शिडाला नवसाचा माणूस बांधला गेला, बायका घरांच्या ओट्यांवर चढल्या. मालोजी जुवावर चढला. डावा हात कानावर ठेवला. सगळं गाव वर बघू लागलं.

"हात," मालोजी म्हणाला.

गावाला काही कळलं नाही. कुणी आभाळाकडे बघितलं, कुणी शेजाऱ्याकडे. मालोजी थांबला होता आणि दोरावरच्या, चाकापाशी उभ्या असलेल्या, शिडाला टेकलेल्या एकेका माणसाचे हात बघत होता. चाकाला पाचर लावणाऱ्याचा हात आत होता. मालोजी त्याच्याकडे बघत राहिला, तो हात निघेपर्यंत. कारखान्यात काम केलेले पंचवीस गडी मान खाली घालून आपापली बोटं बघत होते. मग त्यानं हाळी दिली आणि गाडा हलला.

रात पडायच्या आत गावकी बसली. जुनी माणसं खवळली होती. देवाच्या हाळीत ह्यानं पदरचा शब्द घातला, देव कोपेल, मान काढून घ्या. मालोजी मध्ये उभा राहिला. तो वरमलेला असेल असं ज्यांना वाटलं त्यांनी त्याला ओळखलंच नव्हतं.

"घ्या मान काडून," तो म्हणाला. "भिकारड्यांनो, तुमचा मान काय मी मढ्यावर घिऊन जानार न्हाई. पर जुवावर जो कुनी चढंल त्यानं आदी हात म्हनायचं आन् थांबायचं. न्हाई म्हनला तर म्या चाकाखाली जाऊन पडंन. मग वडा बगाड माज्यावरनं."

तो पडला असता, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. मान त्याच्याकडेच राहिला. शिव्याही राहिल्या. पुढं मरेपर्यंत तो तसाच होता, कोंबडीवरून शेजाऱ्याच्या मेलेल्या बापाला शिव्या घालणारा, आणि मेला तेव्हा फारसं कुणी रडलं नाही. पण दरवर्षी तो आधी हात म्हणायचा, दरवर्षी थांबायचा, आणि सगळे हात बघून झाल्यावर त्याचे डोळे कुठं तरी भलतीकडेच बघत असायचे.

त्याच्यामागं त्याचा थोरला जुवावर चढू लागला. तोही आधी हात म्हणतो. नवी माणसं विचारतात, हे हात म्हणजे काय हो, तर गावची पोरं छाती काढून सांगतात की दोन्ही शब्द म्हसोबानं एकाच वेळी कानात सांगितले. हात म्हणजे देवाचा हात. आधी देवाचा हात डोक्यावर यायचा, मग गाडा हलायचा. पाच पिढ्यांपासून असंच आहे म्हणतात.

ओट्यावर बसलेली म्हातारी गोजाबाई ते ऐकते. तिला आता दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं.

"द्येवाचा न्हाई, रं," ती म्हणते. "कोकन्याचा हात हाय त्यो. आमच्या मालकानं घालवला."

म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणून पोरं हसतात आणि दोर धरायला जातात.